गावातली पत, नकाशावरचे तारे

सुरतजवळच्या हजिऱ्यापासून ओडिशातल्या पारादीपपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ वाटेत भंडारा जिल्हा आडवा कापत जातो. नागपूरहून रायपूरकडे निघालेल्या गाडीला आधी भंडारा लागतं, मग लाखनी, मग साकोली. जेवणाची वेळ झाली की मागच्या सीटवरचं पोरगं मोबाइलवर ‘जवळचं हॉटेल’ शोधतं. पाच-सहा नावं येतात, प्रत्येक नावाखाली पिवळे तारे. ४.५ असलेलं एक ठरतं. रस्त्याकडेच्या पाट्या दिसू लागतात तेव्हा निवड होऊन गेलेली असते. मागे पडलेल्या ढाब्यांमध्ये एखादा असाही असतो, जिथे ट्रकवाले वर्षानुवर्षं डोळे झाकून थांबतात. पण ट्रकवाल्यांनी कधी तारे दिलेले नसतात.

तालुक्याच्या गावात दुकानाची परीक्षा वेगळ्याच विषयांची असते. लग्नाचा किराणा देऊन धान निघेपर्यंत पैशाला थांबतो का? सणाच्या गर्दीत काटा मारतो का? नासका निघालेला नारळ कुरकुर न करता बदलून देतो का? कुणाच्या घरी मयत झालं आणि रात्री दार वाजवलं, तर शटर उघडतो का? या परीक्षेचा निकाल लागायला पंधरा-वीस वर्षं जातात, आणि तो कुठेही लिहिलेला नसतो. त्याला गाव ‘पत’ म्हणतं. बाहेरून आलेला माणूस मात्र वीस मिनिटांत निकाल लावतो. गाडी उभी करायला जागा होती का, संडास स्वच्छ होता का, चहा किती वेळाने आला, स्कॅनर चालला का, एवढंच त्याने पाहिलेलं असतं. त्याचंही खोटं नसतं. अडचण एवढीच की मोबाइलच्या पडद्यावर फक्त त्याचाच निकाल उमटतो.

दुकानाची ऑनलाइन प्रतिमा सांभाळून देणं हा शहरांत आता एक धंदा झाला आहे, आणि त्याचे फोन भंडाऱ्या-तुमसरच्या दुकानदारांनाही येतात. फोनवर सांगितलं जातं ते बहुधा तारे वाढवण्याबद्दल. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यातलं खरं काम निराळं आहे. गावाला जे माहीत आहे आणि नकाशाला माहीत नाही, ते नकाशापर्यंत पोचवायचं आहे.

मालकाला न विचारता उघडलेलं खातं

गुगल मॅपवर आपल्या दुकानाचं पान आहे, हे पुष्कळ दुकानदारांना गिऱ्हाइकाकडून कळतं. मालकाने काहीच केलं नाही तरी पान तयार होतं. कुणीतरी फोटो टाकतो, कुणी जागा नोंदवतो, कुणी फोन नंबर भरतो. पूर्वी ‘गुगल माय बिझनेस’ आणि नोव्हेंबर २०२१ पासून ‘गुगल बिझनेस प्रोफाइल’ म्हणवणारी ही सोय फुकट आहे. मालकाने पानावर हक्क सांगायचा, दुकान आपलंच असल्याची पडताळणी करून द्यायची. हल्ली त्यासाठी बऱ्याचदा दुकानाचा, पाटीचा, आतल्या सामानाचा व्हिडिओ मागतात. हे होईपर्यंत पान बेवारस असतं. त्यावरची वेळ, पत्ता, नंबर, इतकंच काय ‘कायमचे बंद’ असा शेरासुद्धा, कुणीही तिऱ्हाईत सुचवू शकतो.

बेवारस पानाचा फटका कसा बसतो ते या जिल्ह्यात राहून लवकर कळतं. भंडाऱ्याचं रेल्वे स्टेशन, ‘भंडारा रोड’, शहरात नाही, वरठीला आहे. स्टेशनजवळ म्हणून लॉजची खोली घेणारा पाहुणा गावात पोचेपर्यंत वैतागलेला असतो, आणि चुकीच्या जागी टोचलेल्या खुणेचा राग लॉजवर निघतो. बाह्यवळण रस्त्याने जाणाऱ्याला तर गाव दिसतही नाही, पडद्यावर दिसेल तेवढंच त्याच्यासाठी गाव. पोळ्याला, तान्ह्या पोळ्याला, दिवाळीनंतर भरणाऱ्या गावच्या मंडईला दुकान बंद राहणार हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पान मात्र ‘आता उघडे आहे’ असं सांगत राहतं. वीस किलोमीटरवरून आलेला माणूस कुलूप बघून परत जातो आणि एक तारा देऊन लिहितो, ‘दुकान बंद होतं.’ दुकानदाराचा माल वाईट नसतो, वागणूकही वाईट नसते. सणाची सुट्टी पानावर टाकायची राहून गेलेली असते, आणि ते दोन मिनिटांचं काम असतं.

शोधात कोणतं दुकान वर येतं, याबद्दल गुगल स्वतः तीन गोष्टी सांगतं: शोधलेल्या शब्दांशी मेळ, शोधणाऱ्यापासूनचं अंतर आणि दुकानाची एकूण प्रसिद्धी. वरची जागा पैसे भरून मिळत नाही, हेही तेच सांगतं. जाहिरात विकत घेता येते, पण ती जाहिरात म्हणूनच दिसते. ‘पहिल्या नंबरवर आणून देतो, महिन्याचे एवढे’ असं फोनवर सांगणाऱ्याकडून एवढं तरी समजून घ्यावं की तो जाहिरात विकतोय की थाप.

लहान गावाचा हिशेब

ताऱ्यांची सरासरी लहान दुकानावर जास्त कठोर असते. नागपूरच्या एखाद्या हॉटेलला दोन हजार रिव्ह्यू असतील, तर एका रागावलेल्या गिऱ्हाइकाने सरासरीचा केससुद्धा हलत नाही. लाखांदूरच्या एखाद्या दुकानाला आठ जणांनी पाच-पाच तारे दिलेले आहेत आणि नवव्याने एक दिला, असं धरा. ५ वरचा आकडा एकदम ४.६ वर येतो. सरासरी पूर्ण ४.९ वर न्यायची तर त्यानंतर सलग ३१ जणांनी पाच-पाच तारे द्यायला हवेत. ज्या दुकानाला वर्षाला दोन रिव्ह्यू मिळतात, त्याला ही भरपाई करायला पंधरा वर्षं लागतील.

या आकड्याचा गल्ल्याशी संबंध आहे का? हार्वर्ड बिझनेस स्कूलचे मायकेल लुका यांनी अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरातल्या रेस्टॉरंटांचा अभ्यास २०११ मध्ये मांडला. ‘येल्प’ या संकेतस्थळावर एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्के वाढतं, असं त्यांना आढळलं. अभ्यासातली दुसरी गोष्ट आपल्याला अधिक जवळची आहे. हा परिणाम स्वतंत्र, एकेकट्या मालकांच्या हॉटेलांवर होता. साखळी हॉटेलांवर तो दिसला नाही, कारण त्यांचं नाव गिऱ्हाइकाला आधीच माहीत होतं. म्हणजे ज्याची ओळख दूरवर गेलेली नाही, त्यालाच ताऱ्यांचा आधार लागतो आणि मारही त्यालाच बसतो. साकोलीच्या रस्त्यावरचं घरगुती भोजनालय नेमकं त्याच जागी उभं आहे.

विकत घेतलेलं कौतुक

मग मोह होतो. शंभर रिव्ह्यू विकत मिळतात, आठवड्यात आकडा चढतो. असे रिव्ह्यू ओळखायला फार हुशारी लागत नाही. लिहिणारा मालेगावचा, त्याच दिवशी त्याने कोचीच्या दंतवैद्याला, जयपूरच्या फर्निचरवाल्याला आणि पवनीच्या चप्पल दुकानाला पाच-पाच तारे दिलेले. मजकूर सगळीकडे एकच: उत्तम सेवा, नम्र कर्मचारी. चप्पल दुकानात कर्मचारी कुठला? गल्ल्यावर बाप आणि मापं काढायला मुलगा.

हे रिव्ह्यू लिहितं कोण, याचं एक उत्तर फसवणुकीच्या धंद्यात सापडतं. ‘घरबसल्या काम, गुगलवर हॉटेलांना तारे द्या, प्रत्येक रिव्ह्यूला पैसे’ असे संदेश व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामवर लाखो लोकांना आले. सुरुवातीला शे-दोनशे रुपये खरेच खात्यात येतात. मग ‘मोठ्या टास्क’साठी आधी पैसे भरायला सांगतात, आणि भरलेले पैसे परत येत नाहीत. अशी ‘टास्क’ची फसवणूक चालवणारी शंभराहून अधिक संकेतस्थळं केंद्रीय गृह मंत्रालयाच्या शिफारशीवरून डिसेंबर २०२३ मध्ये बंद झाली. या रीतीने बेरोजगार तरुणाच्या लुटीची सुरुवात दुसऱ्याच्या दुकानाच्या खोट्या स्तुतीने होते. कुणी यात सापडलं, तर लाजेपोटी गप्प न राहता १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करावा. जितका उशीर होईल तितका पैसा पुढच्या खात्यांत पांगतो.

उलटा प्रकारही आहे. आधी पाच-दहा एक-तारे टाकायचे आणि मग काढण्यासाठी पैसे मागायचे. ही सरळ खंडणी आहे. पैसे दिले की दर वाढतो. संदेशांचे स्क्रीनशॉट ठेवून गुगलकडे आणि पोलिसांकडे तक्रार करणं, हाच मार्ग.

कायदाही हळूहळू जागा होतोय. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी विक्रेत्याला ग्राहकाचं सोंग घेऊन स्वतःच्याच मालाचा रिव्ह्यू लिहायला मनाई केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन ग्राहक-अभिप्रायांसाठी ‘आयएस १९०००:२०२२’ हे मानक आणलं. अभिप्राय गोळा कसे करावेत, तपासावेत कसे, छापावेत कसे, हे त्यात आहे, मात्र पाळणं ऐच्छिक ठेवलं. अमेरिकेत खोटे रिव्ह्यू विकण्या-घेण्यावर बंदी घालणारा नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे. २०२४ या एका वर्षात धोरणाविरुद्धचे २४ कोटींहून अधिक रिव्ह्यू आपण अडवले किंवा काढले, असं गुगलचं म्हणणं आहे. या मोहिमेत कधीकधी खरे रिव्ह्यूही जातात, आणि आजवरच्या भल्या गिऱ्हाइकांची साक्ष खोट्यांसोबत पुसली जाते. ‘पाच तारे द्या, दहा टक्के सूट घ्या’ हा गल्ल्यावर चिकटवलेला कागदही गुगलच्या धोरणात बसत नाही. अभिप्राय मागायला हरकत नाही, तो विकत घ्यायला आहे.

कऱ्हांडल्याचा धडा

तारे मिळवण्याच्या नादात सेवा कशी बिघडते, याचं उदाहरण जिल्ह्याच्या सीमेवरच आहे. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य नागपूर आणि भंडारा अशा दोन जिल्ह्यांत पसरलेलं. ते प्रसिद्धीला आलं ‘जय’ या वाघामुळे. नागझिऱ्याहून २०१३ मध्ये तो इथे आला आणि त्याच्या मागोमाग पर्यटक आले. जिप्सीवाले, गाइड, चहावाले, रिसॉर्टवाले उभे राहिले. एप्रिल २०१६ नंतर जय दिसला नाही, आणि एका जनावराच्या नावावर उभा राहिलेला रोजगार किती हलका असतो, हे सगळ्यांना कळलं.

मग ३१ डिसेंबर २०२४ आला. वर्षअखेरीची गर्दी. गोठणगाव भागात ‘एफ-२’ ही वाघीण पाच बछड्यांसह रस्त्यावर आली आणि पर्यटकांच्या गाड्यांनी तिला दोन्ही बाजूंनी कोंडलं. कुणीतरी काढलेला व्हिडिओ देशभर फिरला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. गाइड आणि चालक निलंबित झाले, दंड झाले.

गाड्यांनी वाघिणीला का कोंडलं? गाइडला नियम ठाऊक असतो. गाडीतल्या माणसाला वाघ दिसला तर बक्षीस आणि पाच तारे मिळतात, नाही दिसला तर ‘पैसे वाया’ असा शेरा, हेही त्याला तितकंच ठाऊक असतं. वाघ दिसणं गाइडच्या हातात नसतं. रानगवा, मोहाचं झाड, वाघाचा माग, प्राण्यांचे कॉल ऐकून दिशा ओळखण्याची रीत, हे दाखवणं त्याच्या हातात असतं, पण त्याला कुणी तारे देत नाही. जे मोजलं जातं त्याच्यामागे माणूस धावतो. भंडाऱ्याच्या पवनीकडच्या गाइडचा त्या दिवसाशी काडीचा संबंध नव्हता. पण व्हिडिओखाली नाव सगळ्या अभयारण्याचं होतं. एकाच्या चुकीचा एक तारा सगळ्यांच्या पानावर पडतो.

तारे काय मोजत नाहीत, याची आणखी दुखरी आठवण भंडारा शहराला आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या नवजात कक्षाला आग लागली आणि दहा बालकं गेली. आगीपासून सुरक्षा आहे की नाही, हे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या शेऱ्यातून कधीच कळलं नसतं. ते तपासणाऱ्या यंत्रणेनेच बघायचं असतं. काट्यावरचा वजनमापे खात्याचा शिक्का, हॉटेलच्या भिंतीवरचा अन्न परवाना, दवाखान्याचा अग्निसुरक्षेचा दाखला, या गोष्टी ४.८ या आकड्याने भरून निघत नाहीत.

नाव मालाचं, नाव माणसाचं

दुकानाची पत असते तशी मालाचीही असते, आणि भंडाऱ्याकडे ती जुनी आहे. मोहाडी-आंधळगावच्या विणकरांची कोसा रेशमाची करवतकाठी साडी, जिच्या काठावर करवतीसारखे दाते असतात, आणि सुवासाचा भंडारा चिन्नोर तांदूळ, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. १९९९ च्या ज्या कायद्याखाली हे मानांकन मिळतं, त्याच्या व्याख्येत गुणवत्तेच्या जोडीने ‘नावलौकिक’ही लिहिलेला आहे. कायद्याने तो त्या भागातल्या उत्पादकांची मालमत्ता मानला आहे.

मानांकन मिळालं म्हणजे राखण झाली असं होत नाही. पुण्याची सून मोबाइलवर ‘करवतकाठी’ शोधते तेव्हा समोर येणाऱ्या साड्यांपैकी हातमागाची कोणती, यंत्रमागाची कोणती, हे चित्रावरून कळत नाही. विणकराचं स्वतःचं पान असेल, त्यावर मागाचा व्हिडिओ असेल, रेशमाच्या शुद्धतेचा ‘सिल्क मार्क’ असेल, मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असेल, तर फरक कळतो. नसेल तर नावाचा फायदा ज्याच्याकडे चांगला फोटो आहे त्याला. चिन्नोरचंही तेच. शेजारच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या चिन्नोरलाही स्वतंत्र मानांकन आहे, म्हणून पिशवीवर कुठला चिन्नोर हे लिहिलेलं असणं महत्त्वाचं.

नाव पुढे जातं आणि माणूस मागे राहतो, याचा दाखला पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीला कुणी वेगळा द्यायला नको. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे (ता. नागभीड) दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या तुकड्यात निवड करत करत एक धान घडवला. हातावरच्या घड्याळावरून त्याला ‘एचएमटी’ नाव पडलं. आज तो तांदूळ किती ताटांत असतो ते सांगायला नको. ‘फोर्ब्स’ने २०१० मध्ये दादाजींची दखल घेतली, पण ३ जून २०१८ रोजी ते गेले तेव्हा त्यांची तंगी संपलेली नव्हती. त्यांच्या काळात नाव आणि माणूस यांना जोडणारं स्वस्त साधन हातात नव्हतं. आजच्या विणकराच्या, शेतकऱ्याच्या हातात ते आहे, आणि ते वापरायला जाहिरात कंपनी लागत नाही.

उत्तर देणं

वाईट शेरा आला की दुकानदाराच्या दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. एक, ‘हा त्या समोरच्याचाच माणूस’. दोन, वकिलाची नोटीस. पहिली कधीकधी खरीही असते. दुसरी बहुधा महाग पडते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामी हा गुन्हा आहे, पण सद्भावनेने मांडलेल्या मताला त्यात अपवादही आहेत. ‘भाजी खारट होती’ ही बदनामी नाही. ‘हे लोक भेसळ करतात’ हा आरोप आहे आणि तो खोटा असेल तर लढता येतो. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने तक्रारीची पोच आणि निकाल ठरलेल्या मुदतीत द्यायचा असतो. तो रस्ता आधी वापरावा.

बहुतेक शेऱ्यांना कायदा लागत नाही, उत्तर लागतं. ते शेरा लिहिणाऱ्यासाठी कमी आणि पुढे वाचणाऱ्या पन्नास जणांसाठी जास्त असतं. ‘त्या रविवारी लग्नाची ऑर्डर होती, दोन माणसं कमी होती, तुम्हाला पाऊण तास थांबावं लागलं ते खरं. आता मोठ्या ऑर्डरच्या दिवशी दारावर पाटी लावतो.’ एवढं लिहिलं की वाचणाऱ्याला गल्ल्यामागचा माणूस दिसतो. चूक नसेल तर तेही शांतपणे सांगावं. भाषा आपलीच असावी, कुठूनतरी उतरवलेलं ‘आपल्या मौल्यवान अभिप्रायाबद्दल धन्यवाद’ वाचून कुणाचं समाधान होत नाही. डॉक्टरांनी मात्र जपून राहावं. पेशंटचा राग कितीही अन्यायाचा असला तरी त्याचा आजार, तपासण्या, बिल उत्तरात लिहिणं हा गोपनीयतेचा भंग आहे. तिथे ‘दवाखान्यात येऊन बोला’ एवढंच पुरे.

साक्ष कोण देणार?

शेवटी प्रश्न दुकानदाराचा कमी आणि आपला जास्त आहे. दिवाळी झाली की झाडीपट्टीत मंडया सुरू होतात. पुण्या-मुंबईला गेलेले लेकी-जावई येतात, घरोघरी पाहुणे, रात्री नाटक. कोणत्या कंपनीचं नाटक आणायचं हे गावातलं मंडळ ठरवतं ते शेजारच्या गावात गेल्या वर्षी ते पाहून आलेल्यांना विचारून. पोस्टरवर प्रत्येक नाटक ‘तुफान’च असतं, त्याच्यावर कुणी जात नाही. ज्याने रात्रभर बसून पाहिलं, त्याचा शब्द चालतो. पाहिलेल्याने बोलायचं, ही रीत झाडीपट्टीला शिकवावी लागत नाही. मोबाइलच्या बाबतीत ती आपण सोडून दिली आहे, एवढंच. ज्याच्याकडून तीस वर्षं किराणा नेला, ज्याने बापाच्या आजारपणात औषधाचे पैसे मागितले नाहीत, ज्याने आईच्या पैठणीला न सांगता फॉल लावून दिला, त्याच्याबद्दल आपण एक ओळ लिहिलेली नसते. लिहितो तो एकदा चहा पिऊन गेलेला.

या सुट्टीत ओळखीच्या दुकानांच्या पानांवर जाऊन लिहावं. ‘नंबर वन दुकान’ असं लिहिण्यात अर्थ नाही, ते विकत मिळतं. काटा बरोबर असतो, माल बदलून देतो, सोमवारी बंद असतं, चढण असल्याने म्हाताऱ्यांनी मागच्या दाराने यावं, असं लिहावं. खोट असेल तीही लिहावी: तांदूळ चांगला, बिल मागितल्याशिवाय देत नाही. अशा पाच-सात खऱ्या ओळी असल्या की विकत घेतलेल्या शंभर ताऱ्यांचं पितळ वाचणाऱ्याला आपोआप उघडं दिसतं. दुकानदाराने आपलं पान ताब्यात घ्यावं, वेळ दुरुस्त ठेवावी, उत्तरं द्यावीत. पण त्याची पत त्याला स्वतःला लिहिता येत नाही. ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांनाच लिहावी लागेल.